हर्ण स्टाफ

बोंबील वाळत घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात. गाठ मारावी लागत नाही.

युरिया पाण्यात टाकला की पाणी गार होतं.

एस्टीच्या माणसाला एस्टीत तिकीट पडत नाही. कंडक्टर जवळ आला की तो खिडकीबाहेर बघत नुसतं म्हणतो, "स्टाफ."

हर्णे गावाचं नाव हर्णे का, याबद्दल हर्ण्यात तीन मतं आहेत. तिन्ही मतांची माणसं अजून एकमेकांशी बोलतात.

खेडच्या एस्टी स्टँडमागे बाबल्या पेंटरने पाटीवर चार अक्षरं काढली, ब्रश घासलेटच्या डब्यात ठेवला आणि तो चहाला गेला.

जर्मन भाषेत दोन शब्द जोडताना मधे जागा सोडत नाहीत.

"आयो!" आनंदीबाई म्हणाली. "मुताची?"

*

जाईबाईला वाचता येत नव्हतं. चार अक्षरं सोडून.

हर्णे बंदरात बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या दारावर इंग्रजी पाटी होती. बर्फासाठी थांबायचं म्हणजे त्या पाटीकडे बघत थांबायचं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने नवऱ्याला विचारलं होतं, "काय लिवलंय ते?" भिकू म्हणाला, "आपल्या गावाचं नाव. दुसरं काय असणार?" भिकूलाही वाचता येत नव्हतं, पण एवढं त्याचं बरोबर निघालं.

पुढे कित्येक वर्षं बर्फाचा नंबर लागेपर्यंत ती त्या अक्षरांशी खेळत उभी राहायची. पहिलं अक्षर म्हणजे एकाच पायरीची शिडी. दुसरं म्हणजे दोन बांबू डोक्याशी टेकवून मधे आडवी काठी बांधलेली, बोंबील वाळवायच्या वलांडीला टेकू देतात तसा. तिसरं म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन एक पाय पुढे टाकलेली बाई. हे तिचं आवडतं. चौथं म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यात सैल पडलेली तिरकी दोरी. पाचवं म्हणजे तीन दातांची फणी, पण तिच्याकडे तिचं फारसं लक्ष नसायचं. तोवर बर्फ यायचा.

मग एकदा कारखान्याच्या भिंतीला टेकवलेली एक गोणी तिने पाहिली. बर्फावर घालायला वखारीतून लाकडाचा भुसा यायचा, तो जुन्या गोण्यांत भरून यायचा. पांढरी प्लास्टिकची गोणी, तिच्यावर निळी ठसठशीत अक्षरं. शिडी. टेकू. पाटीवाली बाई. सैल दोरी.

जाईबाईने वर पाटीकडे पाहिलं, खाली गोणीकडे पाहिलं. पुन्हा वर. डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा पाहिलं. मग जवळ उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "ह्या गोणीवर हर्णे लिवलंय."

त्या माणसाने हुं केलं. त्याला बर्फ हवा होता.

पाचव्या जागी फणी नव्हती, गळासारखं काहीतरी वळवळीत होतं आणि पुढे आणखी चार अक्षरं होती. लिहिणाऱ्याचं पाचवं चुकलं, असं जाईबाईने ठरवलं. माणसाचं चुकतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिने कोणी न सांगता काहीतरी वाचलं होतं, आणि ते आपल्या गावाचं नाव निघालं होतं. भुसा ओतून घेऊन ती गोणी तिने मागून घेतली.

गोणी खाऱ्या पाण्यात घासून, वाळूवर उलटीसुलटी वाळवून तिने तिच्यात सुकट भरली. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. खताच्या गोणीत लोक तांदूळ भरत, आंबे भरत, शाळेत जाणारी पोरं पावसात तिची खोळ डोक्यावर घेत. जाईबाई गोणी घेऊन खेडच्या गाडीला आली. कंडक्टर रघू थोडं शिकलेला. गोणी टपावर चढवण्याआधी त्याने मान तिरकी करून वाचलं.

"हर्ण... स्टॉफ. हर्ण स्टाफ! अगो जाईबाय, हा तर हर्ण्याचा स्टाफ! चढवा रे वरती, स्टाफला तिकीट नाय!"

गाडी हसली. लगेजचं तिकीट मात्र रघूने लगेच फाडलं.

तेवढ्यावर नाव पडलं. खेडच्या बाजारात गिऱ्हाईक विचारू लागलं, "स्टाफची सुकट आली का?" कारण जाईबाईच्या सुकटीत वाळू नसे, आणि गोणी लांबून ओळखू येई. वाळवणाच्या खळ्यावर तिच्या हाताखाली ज्या बायका होत्या त्या आपल्याला स्टाफ म्हणवून घेऊ लागल्या. कोणी विचारलं, "कुठं चाललीस गो?" तर "ड्युटीवर." जुन्या गोण्यांचा एक व्यापारी खेडात होता. त्याला जाईबाईने सांगून ठेवलं, ही अक्षरं असलेली गोणी आली की माझ्यासाठी बाजूला काढ. काही वर्षं तो काढत राहिला. मग एका साली त्याने हात हलवले. "तो माल यायचा बंद झाला. आता सगळं इकडचंच खत."

शेवटची एक गोणी उरली. तिच्यात जाईबाईने काही भरलं नाही, नीट घडी घालून ठेवली. म्हणूनच १९८६ साली खेडच्या स्टँडमागे गाळा मिळाला तेव्हा तिला पाटी हवी होती. गोणी गेली तर नाव जाणार होतं. ते पाटीवर चढलं की राहणार होतं.

*

"मराठीत काढतो ना," बाबल्या पेंटर म्हणाला. "मराठी सगळ्यांस कळतं."

"मराठीत खाली काढ. वरती हीच. अशीच. निळीच."

"तुला वाचता येतं का तरी?"

"तुला रंग येतो ना? मग तेवढं कर."

बाबल्याने गोणी खिळ्यांवर ताणून लावली आणि नक्कल करायला घेतली. शिडी झाली, टेकू झाला, बाई झाली, दोरी झाली. मग त्याला चहा आठवला.

तेवढ्यात दमयंती आली. ही लोट्याच्या एका केमिकलच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. खेडजवळच्याच गावची पोर, वडील मुंबईला गिरणीत. कारखान्यातली यंत्रं जर्मन, त्यांची पुस्तकं जर्मन, म्हणून कंपनीने तिला पुण्याला पाठवून ती भाषा शिकवली होती. कंपनीची बस सुटायला अवकाश होता आणि तिला सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, हवे होते.

सोडे बघता बघता तिने गोणी पाहिली, पाटी पाहिली, आणि ती हसली. वाईट हसली नाही. ओळखीचं माणूस परगावच्या बाजारात भेटलं की हसतात तशी हसली.

"हे काय मावशी, हार्नश्टॉफ?"

"हर्ण स्टाफ," जाईबाई म्हणाली. "आमचं नाव हाय. तुला वाचता येतं?"

"येतं. पण हे इंग्रजी नाही. जर्मन आहे. युरियाला जर्मनमधे हार्नश्टॉफ म्हणतात."

"युरियाचीच गोणी ती. पण वर गाव लिवलंय आमचं."

दमयंती थांबली. खरं सांगावं की सोडे घेऊन जावं, हे तिच्या तोंडावर जाईबाईला स्पष्ट दिसलं. तीस वर्षं गिऱ्हाइकाची तोंडं वाचलेली बाई ती.

"सांग, बाय. काय हाय ते सांग."

"गाव नाही मावशी. श्टॉफ म्हणजे पदार्थ. आणि हार्न म्हणजे..." तिने आवाज खाली आणला. "लघवी."

समोरच्या ओट्यावर आनंदीबाई खारे बांगडे लावत होती. दाभोळची. जाईबाईचं नाव झाल्यापासून तिचे बांगडे मागे पडले होते, आणि तिचे कान एरवीपेक्षा बरेच लांब झाले होते.

"आयो!" आनंदीबाई म्हणाली. "मुताची?"

*

संध्याकाळपर्यंत खेडात झालं. कापडवाल्याकडून भांडीवाल्याकडे, भांडीवाल्याकडून खानावळीत. स्टँडवरचे हमाल म्हणू लागले, "स्टाफला लागली वाटतं." खानावळवाल्याने सकाळी नेलेली सुकट पोऱ्याबरोबर परत धाडली. निरोप नव्हता, नुसती पुडी. जाईबाईने ती उघडून पाहिली. सुकट होती तशीच होती.

आता यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. सुकट युरियाच्या गोणीतून यायची हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. युरियाला कोणाची हरकत नव्हती.

बाबल्या ब्रश घेऊन उभा. "पुसू? ओला हाय अजून. घासलेटने लगेच निघेल."

"राहू दे."

"मग पुढलं काढू?"

"राहू दे म्हटलं ना मेल्या."

अर्धी पाटी भिंतीला टेकवून ती हर्ण्याच्या गाडीत बसली. रघू कंडक्टरला कळलेलं होतं. तो तिच्याशी नको तितका चांगला वागला, त्यामुळे तिला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

बंदरात लिलाव संपत आला होता. पुळणीवर भिकू फाटक्या जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात धरून विणत बसला होता. तिने सांगितलं. खळ्यावरच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "म्हणजे आमी इतकी वर्षं मुताचा स्टाफ?" दुसरी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. भिकूने मान वर केली नाही.

"पुसून टाक पाटी. मासळीला नाव कशाला लागतं? नाकाला कळते ती."

"पुसते."

"चुकलं तर चुकलं. तू काय शाळंत गेलीस?"

इथे मात्र जाईबाई उसळली. "चुकलं नाय! मी वाचलं ते बरोबर वाचलं. कारखान्यावर हायत तीच चार अक्षरं हायत. ज्याने लिवलं त्याच्या मनात दुसरं होतं, त्याला मी काय करू?"

भिकूने दातांनी सूत तोडलं. स्टाफ गेला तरी तिला चालणार होतं. तो रघूने आणला होता, गाडीभर लोकांनी वाढवला होता. पण ती चार अक्षरं तिची होती. तिला वाचता येणारा एकच शब्द होता, आणि आज तो घाण निघाला होता.

*

दुसऱ्या दिवशी दमयंती सकाळच्या पाळीआधी आली. तिला झोप लागली नसावी. आल्या आल्या ती म्हणाली, "मावशी, मी बोलायला नको होतं."

"तू खरं बोललीस. आता बस इथं, नीट सांग. त्या पदार्थाला असं नाव कशाला दिलं त्यांनी? शेण म्हणतात, खत म्हणतात, काय वाटेल ते म्हणतात. मूत कशाला?"

दमयंती बसली. सोप्या शब्दांत सांगायचं म्हणजे कारखान्यात साहेबाला सांगण्यापेक्षा अवघड, हे तिला तिथे समजलं. युरिया माणसाला पहिल्यांदा सापडला तो लघवीत. आटवली, तर तळाला खडे राहिले. म्हणून लघवीतला पदार्थ. जर्मन माणूस नवा शब्द शोधत बसत नाही, घरातलेच दोन शब्द एकमेकांत अडकवतो. हायड्रोजनला पाणी-पदार्थ, ऑक्सिजनला आंबट-पदार्थ.

"बोंबलासारखं," जाईबाई म्हणाली.

"काय?"

जाईबाईने मागच्या टोपलीतून दोन बोंबील काढून एकाचा जबडा दुसऱ्यात घातला आणि वर धरला. "असं. गाठ नाय, दोरा नाय."

"असंच," दमयंती म्हणाली. "अगदी असंच. पण आता त्यात लघवीचा थेंब नसतो, मावशी. साठ वर्षं तरी झाली. वायूपासून करतात, मोठ्या कारखान्यात. नाव तेवढं राहिलं."

"वस्तू बदलली नि नाव तेच?"

"तेच."

जाईबाईने बोंबील सोडवले. मग कोणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाली, "होड्या बंद असतात तेव्हा मी जयगडचा जवळा घालते. नाव हर्ण्याचंच सांगते."

"मग झालं तर!"

"झालं काय त्यात? जयगडचा जवळा घाण नसतो."

समोरून आनंदीबाईचा आवाज आला. बाजार भरत आला होता आणि तिला ऐकणारे हवे होते. "काय गो जाई, आज लवकर धार मारलीस?"

दोनचार जण हसले. खानावळवाल्याचा पोऱ्या थांबला. जाईबाई उठली नाही. तिने विचारलं, "आनंदी, तुझ्या घरी शेत हाय ना?"

"हाय की. तुझ्यासारखा नुसता दर्या नाय."

"भाताला काय मारता?"

"काय मारणार? युरिया."

"बाय," जाईबाई दमयंतीला म्हणाली, "युरिया कुठल्या भाषेतला?"

दमयंतीला एका क्षणात कळलं आणि तिला हसू आवरेना. "ग्रीक. मूळ ग्रीक आहे."

"त्याचा अर्थ काय?"

"तोच," दमयंती म्हणाली, या वेळी आवाज खाली न आणता. "लघवी. डॉक्टर युरीन म्हणतात ना, तेच ते. युरिया म्हटलं काय, हार्नश्टॉफ म्हटलं काय, एकच."

मग हमालांतला एक म्हणाला, "म्हणजे माझ्या घरी गेल्या पावसात दोन गोण्या..." आणि सगळे फुटले. आनंदीबाईने बांगड्यांवर पाणी मारलं, गरज नसताना. "लिहिणाऱ्यांनी काय वाटेल ते लिवावं," ती पुटपुटली, "आपण खायचं का नाय?" वाद मिटवायला निघालेल्या बाईसारखी दिसत होती ती, आणि कदाचित निघालेलीही असेल.

खानावळवाल्याने मात्र सुकट पुन्हा नेली नाही ती नाहीच. त्याला शब्द चिकटला होता.

*

बाबल्या दहाच्या सुमारास उगवला. रंग वाळला होता.

"बोल, जाईबाय. काय करू?"

दमयंतीने तोवर एक उपाय काढला होता. बस हुकवून ती थांबली होती ती त्यासाठीच. "मावशी, एकच अक्षर बदला. पाचव्या जागी ई घाला आणि तिथंच थांबा. मग ते जर्मन राहत नाही, सरळ हर्णे होतं. तुमचं गाव. कोणाला बोलायला जागा नाही."

"ई म्हणजे फणी?"

"फणी?"

जाईबाईने हवेत एक उभी आणि तीन आडव्या रेघा मारल्या.

"हो. फणी."

उपाय चांगला होता. बाबल्यालाही सोपा होता. जाईबाई पाटीसमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिडी, टेकू, बाई, दोरी. पुढे नुसती कोरी फळी. बर्फाच्या नंबराला उभी राहायची तशी ती बराच वेळ उभी राहिली.

"बाय, ह्यातला तो वाईट शब्द कुठला? बोट ठेव."

दमयंतीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि चौथ्यापर्यंत नेलं.

"आणि माझं गाव?"

बोट तिथेच होतं. दमयंतीने ते उचललं नाही.

"बाबल्या," जाईबाई म्हणाली, "पुढं काय काढू नको. एवढंच ठेव. खाली मराठीत तुला काय काढायचं ते काढ. सुकी मासळी, हर्णे, काय ते."

"अर्धीच ठेवू? लोक म्हणतील पैसे बुडवले म्हणून पेंटर पळाला."

"अर्धी नाय. मी वाचलं एवढंच होतं. पुढलं रघूने वाचलं."

दमयंतीने कपाळाला हात लावला. "मावशी, पण आता पदार्थ गेला आणि नुसती लघवीच राहिली!"

"खेडात जर्मन किती येतात?"

"आमच्या कारखान्यात वर्षातून एक येतो."

"त्याला मी सांगीन मग."

बाबल्याने खाली मराठीत 'हर्ण्याची सुकी मासळी' काढलं, आणि कोपऱ्यात, कोणी न सांगता, बारीक अक्षरांत 'स्टाफ'. खळ्यावरच्या बायकांसाठी, म्हणाला. त्यातल्या एकीवर त्याचा डोळा होता, ते पुढे निघालं. निघताना दमयंतीने एवढंच सांगितलं की खताच्या गोणीत खायचं भरू नये, नाव काहीही असो. जाईबाई म्हणाली, "आता गोण्याच कुठं हायत?" आणि शेवटची गोणी खिळ्यांवरून काढून तिने गाळ्यात माल ठेवायच्या फळीवर अंथरली, अक्षरं खाली करून. मग उलटी करून, अक्षरं वर करून.

पाटी पुष्कळ वर्षं राहिली. पावसाने मराठी ओळ आधी गेली. लोट्याच्या कारखान्यात येणारा जर्मन माणूस एकदा बाजारात आला. त्याने पाटी पाहिली, जाईबाईकडे पाहिलं, पुन्हा पाटी पाहिली आणि फोटो काढला. मासळी घेतली नाही.

ज्या दिवशी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला ती पहिली गोणी टेकलेली होती, त्या दिवशी तिच्या शेजारी दुसरीही एक होती. तिच्यावर यू, आर, ई, ए अशी अक्षरं होती. त्यात पाटीवाली बाई होती, टेकू होता, फणीसुद्धा होती, पण शिडी आणि दोरी नव्हती, म्हणून जाईबाईने ती तिथेच ठेवली.